मदत हवी आहे: लिनक्स मिंटमध्ये मराठीसाठी सुधारणा सुचवायच्या आहेत. कोणती सूचना कुठे पाठवावी?

मुळाक्षर:
लिनक्स मिंट २२, सिनॅमन डेस्कटॉप, एक्स-ऑर्ग (पडदा आणि कळफलक हाताळणारी जुनी यंत्रणा) सत्र. इंटरफेसची भाषा इंग्रजी (भारत), लेखन सगळं मराठीत. मिंटच्या विकासकांना पुढच्या सूचना पाठवायच्या आहेत. यातल्या कोणत्या नुसत्या सेटिंगने सुटतील आणि कोणत्या खरंच सुधारणा म्हणून मागाव्या लागतील, ते जाणकारांनी सांगावं.

१. फाइल मॅनेजर, पॅनेल आणि टेक्स्ट एडिटरमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. तीच अक्षरं फायरफॉक्समध्ये काही मराठी संकेतस्थळांवर बरोबर दिसतात.
२. लिबरऑफिस रायटरमध्ये फॉन्ट बदलला तरी मराठी मजकूर तसाच राहतो.
३. 'दुसऱ्या' हा शब्द शोधला तर काही ठिकाणी सापडतो, काही ठिकाणी नाही. डोळ्यांना दोन्हीकडे एकसारखाच दिसतो.
४. आयबस या टंकनाच्या साधनातली मराठी पद्धत मध्येच काम सोडून देते. पडदा कुलूपबंद झाल्यावर पासवर्डही चुकीचा ठरतो.
५. 'ॲप' लिहायला गेलं की 'ऍप' उमटतं.

पाकळी:
पहिला मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्यात फॉन्टचा दोष बहुतेक नाही. युनिकोडमध्ये मराठी ल आणि हिंदी ल यांचा क्रमांक एकच आहे. वळण ठरवतो तो फॉन्ट, पण 'हा मजकूर मराठी आहे' असं त्याला कुणीतरी सांगावं लागतं. नोटो सॅन्स देवनागरीत दोन्ही वळणं आहेत. संकेतस्थळाने पानावर मराठीची खूण लावली असेल तर फायरफॉक्स ती फॉन्टपर्यंत पोचवतो, म्हणून तिथे अक्षर बरोबर दिसतं.

फाइल मॅनेजर आणि टेक्स्ट एडिटर जीटीके (ॲपच्या खिडक्या, बटणं उभी करणारा संच) वापरतात आणि त्यांची अक्षरमांडणी पँगो ही लायब्ररी करते. इंटरफेस इंग्रजी असला की पँगोपुढे प्रश्न येतो: देवनागरी अक्षरं आली, पण इंग्रजी तर देवनागरीत लिहीत नाहीत, मग ही भाषा कोणती धरायची? त्याच्या अंगभूत यादीत देवनागरीसमोर हिंदी लिहिलेली आहे, म्हणून तो हिंदी धरतो.

उपाय असा. होम फोल्डर उघडून कंट्रोल+एच दाबा म्हणजे लपवलेल्या फाइली दिसतील. त्यातली '.प्रोफाइल' उघडून शेवटी एक ओळ घाला: आधी 'एक्स्पोर्ट', मग एक जागा सोडून 'पँगो_लँग्वेज=ईएन_आयएन:एमआर'. फाइलीत अर्थातच सगळं रोमन लिपीत लिहायचं: 'एक्स्पोर्ट' आणि शेवटचं 'एमआर' लहान लिपीत, 'पँगो_लँग्वेज' पूर्ण कॅपिटलमध्ये, 'ईएन' लहान आणि 'आयएन' कॅपिटल. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडू नका, सोडली तर ती ओळ चालणार नाही. लॉगआउट करून परत या आणि टेक्स्ट एडिटरमध्ये 'लाल शाल, विशाल शिला' लिहून पाहा. ल ला दोन पाकळ्या आणि श ला देठ दिसला की काम झालं.

क्यूटी या जीटीकेसारख्याच दुसऱ्या संचावर बांधलेली ॲप्स पँगो वापरत नाहीत, तिथे या ओळीचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी लोहित मराठी हा वेगळा फॉन्ट पॅकेजमध्ये मिळतो. तो बसवून त्या ॲपच्या सेटिंगमध्ये निवडा.

खटका:
चौथ्या मुद्द्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात.

मराठी टंकनाचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, लेआउट्स इथे जाऊन मराठी लेआउट जोडणं. इनस्क्रिप्टसाठी, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकासाठी, एवढं पुरतं, आयबसची गरज नाही. दुसरा मार्ग आयबस आणि त्याला टंकनपद्धती पुरवणारं एम१७एन. रोमन अक्षरांतून मराठी लिहायचं असेल, म्हणजे आयट्रान्स किंवा गमभन पद्धत हवी असेल, तर हा. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवले की घोळ होतो. एम१७एनला खालून रोमन अक्षरं यायला हवीत. खाली आधीच मराठी लेआउट चालू असेल तर त्याच्याकडे देवनागरी अक्षरं पोचतात, ती त्याच्या नियमांत बसत नाहीत, म्हणून ती पद्धत बंद पडल्यासारखी वाटते. इनस्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी आयबस काढून टाकावं. आयट्रान्सवाल्यांनी लेआउटच्या यादीत फक्त इंग्रजी ठेवावं.

पासवर्डचंही कारण हेच. पडदा कुलूपबंद होताना मराठी लेआउट चालू असेल तर पासवर्ड देवनागरीत जातो आणि ठिपक्यांमागे ते कळत नाही. यादीत इंग्रजी पहिल्या जागी ठेवा आणि कुलूप लावण्याआधी इंग्रजीवर या. इंग्रजी यादीतून काढून मात्र टाकू नका. निव्वळ मराठी लेआउट ठेवला तर कंट्रोल+सी, कंट्रोल+व्ही यांनाही अडचण येते, कारण त्या कळींवर रोमन अक्षर उरतच नाही. एक्स-ऑर्गमध्ये एका वेळी चारच लेआउट बसतात, म्हणून प्रयोग करायला आणलेले लेआउट नंतर काढून टाका.

लॉगिनच्या पडद्यावर चुकून वेलँड (एक्स-ऑर्गच्या जागी येणारी नवी यंत्रणा) सत्र निवडलं गेलेलं नाही ना, तेही तपासा. २२ मध्ये ते प्रायोगिक आहे.

मुळाक्षर:
खटका यांनी सांगितल्याप्रमाणे आयबस काढलं, टंकन सुरळीत झालं. पण पाकळी यांच्या ओळीत 'पँगो_' वगळून फक्त 'लँग्वेज' ठेवला होता. ल आणि श मराठी वळणाचे झाले, मात्र काही ॲप्सचे मेनू अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी दिसू लागले. असं का?

पाकळी:
त्या शब्दात 'पँगो' हवाच. नुसता 'लँग्वेज' ठेवला तर पँगो तोही वाचतो, म्हणून अक्षरं सुधारली. पण इंटरफेसचं भाषांतरही त्याच यादीवरून निवडलं जातं. बऱ्याच ॲप्सचा मूळ मजकूर इंग्रजीच असतो, त्यामुळे इंग्रजीची वेगळी भाषांतराची फाइल त्यांच्यासोबत येत नाही. सिस्टिम यादीत पुढे सरकते, तिला मराठीची फाइल सापडते, आणि जेवढं भाषांतर झालंय तेवढे शब्द मराठीत येतात. 'पँगो_लँग्वेज' फक्त अक्षरमांडणीपुरतं चालतं. जुनी ओळ पुसून टाका, दोन्ही ठेवू नका.

आता रायटर. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस अँड लोकेल्स, जनरल इथे 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करा आणि त्यासमोरची भाषा मराठी निवडा. तिथे हिंदी राहिली तर रायटर फॉन्टला हिंदीच सांगत राहील, पँगोची ओळ इथे कामाला येत नाही. हे झालं की फॉरमॅट, कॅरेक्टर या चौकटीत पाश्चात्त्य आणि कॉम्प्लेक्स अशा दोन लिप्यांचे फॉन्ट वेगळे दिसतील. मराठी अक्षरांना दुसरा लागू होतो. जुन्या फाइलीतला मजकूर हिंदी म्हणून साठवलेला असतो, तो पूर्ण निवडून याच चौकटीत त्याची भाषा मराठी करा.

दर्यावर्दी:
तिसरा मुद्दा. 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' हे दिसायला एकच, पण आतून वेगळे. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, युनिकोड क्रमांक ०९३१. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक, क्रमांक २००डी. तिसरा प्रकारही सापडतो: साधा र आणि खाली नुक्ता. शोधणाऱ्या प्रोग्रामने हे प्रकार एक मानले नाहीत तर एकाने दुसरा सापडत नाही.

तपासायला रायटरमध्ये कर्सर अक्षराच्या लगेच पुढे ठेवा, इंग्रजी लेआउटवर या आणि अल्ट+एक्स दाबा. अक्षराच्या जागी क्रमांक दिसेल, परत दाबलं की अक्षर येईल.

पुढे लिहिताना एकच पद्धत धरा. इनस्क्रिप्टमध्ये 'दुसऱ्या'च्या कळी अशा: ओ, जी, एम, शिफ्ट+जे, डी, तिरकी रेघ, ई. शिफ्ट+जे म्हणजे ऱ.

जुन्या फाइली सुधारायला शोधा-बदला चौकटीत जुन्या फाइलीतलाच 'र्‍य' उचलून वर चिकटवा आणि खाली ताजा टंकलेला 'ऱ्य' द्या. मग तसंच 'ऱ्ह' साठी करा: वऱ्हाड, कुऱ्हाड, कऱ्हाड. न दिसणारा जोडक एकटाच शोधून सरसकट पुसू नका. तो पुसला की 'दुसर्‍या'चं 'दुसर्या' होतं, आणि आचाऱ्यांचा स्वयंपाक आचार्यांकडे जातो. मूळ फाइलीची प्रत आधी काढून ठेवा.

पाचवा मुद्दा छोटा आहे. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट+१ वर ऍ आहे, मराठीत लागणारा ॲ हा वेगळा, ०९७२ क्रमांकाचा. रायटरमध्ये टूल्स, ऑटोकरेक्टमध्ये भाषा मराठी निवडून '.*ऍ.*' च्या जागी 'ॲ' असा नियम घाला. जीटीकेच्या इतर ॲप्समध्ये आधी इंग्रजीवर येऊन कंट्रोल+शिफ्ट+यू, मग ०९७२ आणि एंटर. मराठीवर असताना हे जमत नाही, कारण अंकांच्या कळींवर देवनागरी अंक येतात. अ वर ॅ वेगळा चढवू नका, दिसतो तसाच पण शोधात पुन्हा तीच अडचण.

मुळाक्षर:
सगळं लागू झालं. म्हणजे मिंटकडे पाठवण्यासारखं काय उरलं?

खटका:
एक चांगली सूचना उरली आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये 'मी वाचत असलेल्या इतर भाषा' असा पर्याय द्यावा आणि त्यावरून पँगोची ती ओळ आपोआप लिहिली जावी. फाइलीत हाताने ओळ घालायची वेळ कुणावर येऊ नये. मिंटच्या भाषा-सेटिंगचं साधन मिंटलोकेल, सूचना त्याच्या गिटहब पानावर द्यायची. नेपाळी आणि हिंदी शेजारी वापरणाऱ्यांनाही याचा उपयोग होईल, ते आवर्जून लिहा.

कळफलकातला ॲ मिंटच्या हातात नाही, लेआउटच्या फाइली एक्सकीबोर्ड-कॉन्फिग या प्रकल्पाच्या आहेत आणि तो फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर आहे. रायटरमधल्या शोधाची तक्रार लिबरऑफिस चालवणाऱ्या डॉक्युमेंट फाउंडेशनच्या बगझिलावर (तक्रार नोंदवण्याच्या संकेतस्थळावर). मिंटच्या साधनांचं मराठी भाषांतर लाँचपॅडवर होतं.

एका नोंदीत एकच मागणी ठेवा. आवृत्ती, सत्र, नेमक्या पायऱ्या, काय दिसलं, काय दिसायला हवं, आणि दोन्ही वळणं शेजारी दाखवणारं चित्र. सिस्टिम इन्फर्मेशनमधला मजकूर कॉपी करून जोडा.

पाकळी:
ल-श च्या नोंदीत महाराष्ट्र शासनाच्या २०२२ च्या सुधारित वर्णमालेच्या शासन निर्णयाचा उल्लेख करा. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श त्यात नेमून दिलेले आहेत. परदेशातल्या विकासकाला ही फॉन्टची आवडनिवड वाटू शकते. निर्णयाचा आधार असला की तो प्रश्न प्रमाणलेखनाचा आहे हे कळतं.

आणि थोडा धीर धरा. मिंट २२ उबंटू २४.०४ वर उभं आहे. मिंटलोकेलमधला बदल मिंटच्या पुढच्या उपआवृत्तीत येऊ शकतो, पण पँगो किंवा लेआउटमधली दुरुस्ती साधारणपणे उबंटूचा पाया बदलल्यावरच पोचते. तोपर्यंत '.प्रोफाइल'मधली ओळ ठेवा, आणि संगणक नव्याने बसवताना ती फाइल सोबत न्या.