अनुभव धागा : लॅपटॉपचा पंखा फार आवाज करतोय? ऊन, कापूस आणि कुटाराच्या मुलखात काय तपासता, काय करता?

धागा सुरू करताना

मार्च लागला की महा-ई-सेवा केंद्र, ग्रामपंचायत, जिनिंगचा (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याचा) वजनकाटा, कृषी केंद्र, शाळा, सगळीकडून एकच तक्रार येते, "पंखा लईच वाजते." नेटवर मिळणारे सल्ले २५ अंशांच्या बंद खोलीसाठी लिहिलेले असतात. त्यात आपल्या विदर्भातला ४५ अंशांचा मे नसतो, कापसाचे तंतू नसतात आणि मळणीयंत्रातून उडणारी कुटाराची, म्हणजे भुशाची, धूळही नसते. म्हणून ज्यांच्या हाताखालून मशिनी जातात त्यांनी इथे लिहावं. पायऱ्या, माप, कारण, काय बिघडतं, सगळं. "सर्व्हिसिंग करून घ्या" एवढंच लिहायचं असेल तर कृपया राहू द्या.

सुरुवातीला एक हिशोब मांडतो. पंखा हवा थंड करत नाही, खोलीत आहे तीच हवा आत ओढून, चिपची (प्रोसेसरची) उष्णता जिथे पोचते त्या तांब्याच्या जाळीतून बाहेर ढकलतो. खोली २५ अंशांवर असताना एखाद्या कामाला चिप ७० वर जात असेल, तर खोली ४३ वर गेल्यावर तेच काम तिला ८८ च्या आसपास नेतं. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरासाठी ३५ अंशांची मर्यादा छापलेली असते. चिप ९५ ते १०० ला टेकली की स्वतःचा वेग उतरवते, मशीन हळू पडतं, आणि त्याच्या आधीपासून पंखा पूर्ण जोरात असतो. त्यामुळे मे महिन्यात दुपारी दोनला थोडा आवाज वाढणं हा बिघाड नाही. तोच आवाज सकाळी सहाला, काही न उघडता येत असेल तर मात्र आत काहीतरी आहे.

यवतमाळ जिल्हा, दुरुस्तीचं दुकान

पेचकस हातात घेण्याआधी आवाज ऐका. अर्धं निदान तिथेच होतं.

एकसारखा वाऱ्याचा "सूं" म्हणजे पंखा चांगला आहे, फक्त जोरात फिरतोय. कारण उष्णता किंवा अडलेली हवा. पंख्याचा वेग दुप्पट झाला की आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो, म्हणून थोडी अडचणही कानाला मोठी वाटते. "घर्र" आणि हाताला कंप लागला तर बेअरिंग गेलं. "टक-टक-टक" लयीत असेल तर पात्याला वायर, स्टिकरचा सुटलेला कोपरा किंवा आत शिरलेला किडा लागतोय. मशीन तिरपं केल्यावर आवाज बदलला तर बेअरिंग किंवा घासणं, बदलला नाही तर उष्णता. बारीक शिट्टीसारखा आवाज, जो माउस हलवला की बदलतो, तो पंख्याचा नाहीच. तो बोर्डावरच्या कॉइलचा (तारेच्या वेटोळ्याचा) असतो आणि त्याने काही बिघडत नाही. जुन्या मशीनमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल आणि "टिक... टिक" येत असेल तर बाकी सगळं सोडा, आधी डेटा पेन ड्राइव्हवर घ्या.

सुरू करताना दोन-तीन सेकंद पंखा पूर्ण फिरून शांत होणं नॉर्मल आहे, ती त्याची स्वतःची चाचणी असते. एचपीवर "सिस्टिम फॅन ९०बी" आणि थिंकपॅडवर "फॅन एरर" दिसलं तर पंखा फिरतच नाहीये किंवा त्याचा कनेक्टर सैल आहे. एचपीवर सुरू करताना एफ२, डेलवर एफ१२ दाबून डायग्नोस्टिक्समध्ये पंखा वेगळा तपासता येतो. एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) "फॅन ऑलवेज ऑन" नावाचा पर्याय असतो. तो चालू असेल तर चार्जर लावल्यावर पंखा कधीच थांबत नाही. मशीन उघडायच्या आधी हे बघा.

दर्यापूर तालुका, महा-ई-सेवा केंद्र

केंद्रावरच्या मशिनींत निम्म्या वेळा कारण सॉफ्टवेअरचं असतं. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. सीपीयूच्या शीर्षकावर क्लिक केलं की सर्वात जास्त खाणारा प्रोग्राम वर येतो. काहीच न करता एकूण आकडा १० टक्क्यांच्या वर टिकून राहत असेल तर वरची नावं वाचा.

"विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर" म्हणजे अपडेट चाललंय, मशीन चालू ठेवून एक रात्र द्या. "अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल" म्हणजे डिफेंडरचं (विंडोजच्याच अँटीव्हायरसचं) स्कॅनिंग, तेही संपतं. केंद्रावर नेहमी भेटणारा तिसरा म्हणजे प्रिंट स्पूलर, प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्राम. दाखला प्रिंटरमध्ये अडकतो, लोक पुन्हा-पुन्हा प्रिंट देतात, आणि स्पूलर सीपीयू धरून बसतो. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन "प्रिंट स्पूलर" थांबवा, सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरातल्या फाइली उडवा, स्पूलर परत सुरू करा. दोन मिनिटांचं काम आहे.

अनोळखी नावाचा प्रोग्राम ७०-८० टक्के खात असेल, किंवा टास्क मॅनेजर उघडताच पंखा गप्प होत असेल, तर तो बहुधा क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसोबत आलेला मायनर आहे, म्हणजे तुमच्या मशीनवर चोरून क्रिप्टो चलन काढणारा प्रोग्राम. अशा मशीनवर नागरिकांचे आधार आणि बँकेचे कागद हाताळू नका, विंडोज नव्याने टाका.

हिंगणघाट, संगणक दुरुस्ती

आता खरा मुद्दा, कापूस. नोव्हेंबर ते मार्च जिनिंगच्या आसपासच्या मशिनींत जे जमतं ते साध्या धुळीसारखं नसतं. तंतू पंख्याच्या पात्यांतून निघून जातात आणि पुढच्या तांब्याच्या जाळीवर अडकतात. एकावर एक बसत त्याची घोंगडीच्या तुकड्यासारखी पट्टी तयार होते, दोन-तीन मिलिमीटर जाड, जाळीच्या पूर्ण रुंदीची. बाहेरून टॉर्च मारली तर जाळी स्वच्छ दिसते, कारण पट्टी आतल्या बाजूला, पंखा आणि जाळीच्या मध्ये असते. बाहेरून हवा मारली की ती पट्टी मागे सरकते, आवाज आठवडाभर बरा वाटतो, मग पट्टी परत जागेवर. कधी मागे सरकलेला गोळा पात्यांत अडकून पंखाच थांबतो. म्हणून उघडल्याशिवाय इलाज नाही.

मशीन शटडाउन करा, स्लीप नाही. चार्जर काढा. खालच्या कव्हरचे स्क्रू काढताना एका पुठ्ठ्यावर लॅपटॉपचा चौकोन काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. स्क्रूंची लांबी वेगळी असते, आणि आखूडच्या भोकात लांब गेला की वरचा पाम-रेस्ट फुगतो किंवा बोर्डाला टोक लागतं. एक-दोन स्क्रू रबराच्या पायाखाली लपलेले असतात. कव्हर अडलं तर जोर लावण्याआधी तिथे बघा. कडेने जुनं एटीएम कार्ड फिरवत क्लिपा सोडा, पेचकस घातला तर कडा तुटते. आत सर्वात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, मगच बाकीचं.

पंख्याचे दोन-तीन स्क्रू काढा, कनेक्टर नखाने सरकवा, वायर धरून ओढू नका. पंखा उचलला की पट्टी समोर दिसेल. चिमट्याने एका टोकाला धरून अख्खी सोलून घ्या. मग मऊ एक इंची ब्रशने जाळी उभ्या दिशेने झाडा, आडवा ब्रश मारला तर पत्रे वाकतात. पात्यांच्या आतल्या बाजूला धुळीचा थर असतो, तो कापसाच्या काडीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. काडीचे तंतू मागे राहत नाहीत ना ते बघा.

जिनिंगच्या आवारात मशीन असेल तर हे हंगामात दोनदा, नाहीतर हंगाम संपल्यावर एकदा.

अकोट, मोबाइल-लॅपटॉप दुकान

भाऊ, एक गोष्ट हात जोडून सांगतो. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरनं हवा मारू नका. त्याच्या टाकीत पाणी रायते, तेल रायते, ते सगळं बोर्डावर जाते. अन् हवेनं पंखा नुसता मोकाट फिरला तं बेअरिंग जाते. ब्लोअर असन तं पंख्याचं पातं बोटानं धरा, मंगच हवा मारा. पेट्रोलनं पुसनारे बी पाह्यले. प्लॅस्टिक जाते त्याच्यानं. सॅनिटायझर बी नको, त्यात ग्लिसरीन असते, ते चिकट थर सोडते अन् नवी धूळ तिथंच बसते.

आमगाव, गोंदिया जिल्हा

आमच्याकडे कापूस नाही, राइस मिल आहेत. भाताच्या कोंड्यात तेलाचा अंश असतो, त्यामुळे तो पात्यांवर चिकटून बसतो आणि कोरड्या ब्रशने निघत नाही. पात्यांवर थर कमी-जास्त बसला की पंख्याचा तोल जातो आणि बेअरिंग चांगलं असूनही घरघर येते. नवा पंखा मागवायच्या आधी अल्कोहोलने पाती एकेक करून पुसा. बऱ्याचदा तेवढ्यानेच आवाज जातो.

वरोरा, लॅपटॉप दुरुस्ती

सफाई करूनही पंखा शांत झाला नाही तर पेस्ट, म्हणजे चिप आणि तांब्याच्या मध्ये लावलेली, उष्णता पोचवणारी थर्मल पेस्ट. पण पेस्ट बदलायची गरज आहे का, हे उघडायच्या आधीच कळतं. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प हे मोफत प्रोग्राम टाका, तापमान उघडं ठेवा आणि एखादा जड व्हिडिओ किंवा मोठी एक्सेल फाइल चालवा. हवा बाहेर येते तिथे तळहात धरा. हवा कमी आणि चटका देणारी, तापमान हळूहळू चढणारं, तर जाळी अडली आहे. हवा भरपूर पण कोमट, आणि तापमान काही सेकंदांत ९५ ला उडी मारणारं, तर उष्णता चिपमधून तांब्यात पोचतच नाही, म्हणजे पेस्ट वाळली किंवा हीटसिंक (चिपवर टेकणारा तांब्याचा भाग) नीट टेकलेलं नाही.

हीटसिंकच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. काढताना उलट क्रमाने, प्रत्येक अर्धा-अर्धा फेरा. लावताना १ पासून, तसंच थोडं-थोडं. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर चिपच्या कोपऱ्यावर भार येतो, आणि लॅपटॉपच्या चिपला वर धातूचं झाकण नसतं, कोपरा टवकतो. जुनी पेस्ट अल्कोहोलने पूर्ण काढा, चिप आरशासारखी दिसेपर्यंत. नवी पेस्ट तांदळाच्या एक-दोन दाण्यांएवढी, प्लॅस्टिकच्या तुकड्याने पूर्ण चिपवर पातळ पसरून. ग्राफिक्सची वेगळी चिप असेल तर तिच्यावरही.

ट्रान्झिस्टरला लावायची पांढरी स्वस्त पेस्ट आपल्या उन्हाळ्यात फार लवकर वाळते. आर्क्टिक एमएक्स-४ किंवा त्या दर्जाची घ्या, ४ ग्रॅमची नळी अनेक मशिनींना पुरते. आजूबाजूच्या मेमरी चिपांवर करडे मऊ पॅड असतात. फाटले नसतील तर तेच परत वापरा. बदलायचेच असतील तर जाडी तीच हवी. १ मिलिमीटरच्या जागी दीड बसवला की हीटसिंक मुख्य चिपपासून उचललं जातं आणि आधीपेक्षा वाईट अवस्था होते. पॅडच्या जागी पेस्ट भरू नका, एवढी फट पेस्टने भरत नाही.

प्रश्न : कूलरसमोर लॅपटॉप ठेवावा का? कोणी हो म्हणतं, कोणी नाही.

हिंगणघाट : खोलीत कूलर असावा, लॅपटॉप त्याच्या झोतात नसावा. कोरड्या मे महिन्यात कूलर खोलीचं तापमान १० अंश सहज उतरवतो, तेवढाच फायदा चिपला मिळतो. पण झोतात पाण्याचे सूक्ष्म थेंब असतात आणि आपलं बोअरचं पाणी क्षाराचं. जाळीवर पांढरा थर बसतो, ओल्या पत्र्यावर धूळ घट्ट चिकटते, कनेक्टर हिरवे पडतात. सहा-सात फूट दूर, झोताच्या बाजूला, आणि खिडकी उघडी. पावसाळ्यात हवा दमट असताना कूलरचा पंखा चालवा, पंप नको.

वरोरा : सहमत. त्यात एक भर घालतो. गादी, सतरंजी, गोधडी यांवर ठेवलेला लॅपटॉप खालून हवा ओढूच शकत नाही. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचला, लाकडी पट्टीसुद्धा चालते. कूलिंग पॅड घ्यायचाच असेल तर लॅपटॉप उलटा करून हवा घेण्याच्या फटी कुठे आहेत ते पाहा आणि पॅडचा पंखा बरोबर त्याखाली येतो का ते तपासा. नाहीतर तो फक्त आवाजात भर घालतो.

पुसद, शाळेतील संगणक शिक्षक

उघडायची सोय नसेल तर हे आजच करता येतं. पॉवर ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट. तिथे १०० चं ९९ करा. इंटेलच्या बहुतेक चिपांत यामुळे टर्बो (कामाचा भार आला की आपोआप वाढणारा वेग) बंद होतो. उदाहरणार्थ आय५-११३५जी७ ही ४.२ गिगाहर्ट्झवर उडी मारण्याऐवजी २.४ च्या आसपास राहते. दाखले, एक्सेल, ऑनलाइन वर्ग, शालार्थचं (शिक्षकांच्या पगाराच्या पोर्टलचं) काम यांत फरक जाणवत नाही, पंखा मात्र बराच शांत होतो. हा पर्याय दिसत नसेल तर सेटिंग्जमध्ये पॉवर मोड "बेस्ट पॉवर एफिशियन्सी" करा.

लोडशेडिंगमध्ये साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर लॅपटॉप लावला की ॲडॅप्टर गुणगुणतो. लोक तो आवाज पंख्याचा समजतात. ॲडॅप्टर कानाजवळ नेला की कळतं.

यवतमाळ जिल्हा, दुरुस्तीचं दुकान

बेअरिंगबद्दल राहिलं होतं. काही पंख्यांत मधल्या स्टिकरखाली बुश (साधं, गोळ्या नसलेलं बेअरिंग) असतं, तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकला की घरघर थांबते. ही सोय नवा पंखा येईपर्यंतची, काही आठवड्यांपुरती समजा. खोबरेल तेल घालू नका, डिसेंबरच्या थंडीत ते थिजतं आणि पंखा सुरूच होत नाही. गंज सोडवायचा स्प्रेही नको, तो असलेलं तेल धुऊन उडून जातो.

नवा पंखा लॅपटॉपच्या मॉडेलवरून मागवू नका. एकाच मॉडेलमध्ये ग्राफिक्स कार्ड असलेल्या आणि नसलेल्या मशिनींचे पंखे वेगळे असतात. जुन्या पंख्याच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर, व्होल्ट आणि कनेक्टरच्या पिना या तिन्हींचा फोटो काढा. बहुतेकांना ५ व्होल्ट लागतात, काही गेमिंग मशिनींना १२, आणि ५ चा पंखा १२ वर जळतो. नागपूरला सीताबर्डीत जाणार असाल तर फोटोवर न राहता जुना पंखाच सोबत न्या, स्क्रूची भोकं जुळवून घ्या.

दर्यापूर तालुका, महा-ई-सेवा केंद्र

एक तातडीचं. पंखा अचानक घासायला लागला आणि टचपॅड वर उचललेला दिसला किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगली आहे आणि कव्हर पंख्यावर दाबलं जातंय. उन्हाळ्यात दिवसभर चार्जरवर राहणाऱ्या मशिनींत हे होतं. चार्जर काढा, मशीन बंद करा, फुगवटा दाबून बसवू नका, टोचू नका. बॅटरी बदलेपर्यंत ते मशीन चालवायचं नाही, आणि काढलेली बॅटरी घरात किंवा कचऱ्यात न टाकता दुकानात जमा करायची.

आमगाव, गोंदिया जिल्हा

आणि ती नवी बॅटरी बसवल्यावर बायोसमध्ये किंवा कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के करता येते का ते पाहा. लेनोव्होत "कन्झर्व्हेशन मोड", आसुसमध्ये "बॅटरी हेल्थ चार्जिंग" या नावाने सापडतं. दिवसभर चार्जरवर असलेल्या केंद्राच्या मशीनला याचा उपयोग होतो. फक्त लोडशेडिंगच्या दिवसांत २० टक्के कमी मिळतील, ते धरून इन्व्हर्टरची वेळ ठरवा.