भावाची साइट बसली की रेडिसच लावायचं काहून?

वऱ्हाडी_बॅकएंड : काल इथं एकानं ठोकून दिलं, "बाजार समितीच्या भावाची साइट लिलावाच्या वेळी बसते? रेडिस (मेमरीत डेटा ठेवून झटकन देणारा साठा) लावा, विषय संपला." संपत नाही भाऊ, झाकला जातो. आधी स्लो क्वेरी लॉग, म्हणजे डेटाबेसला रेंगाळवणाऱ्या क्वेरींची नोंद, चालू करा. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये त्याची मर्यादा मुळातच 10 सेकंद असते, ती 1 वर आणा. मग क्वेरीआधी एक्सप्लेन लावा, डेटाबेस ती कशी चालवतो ते दिसतं. टाइपखाली 'ऑल' दिसलं की प्रत्येक विनंतीला अख्खं टेबल चाळलं जातंय. वेळेच्या कॉलमला डेट() गुंडाळलं की त्यावरचा इंडेक्स (ओळी लवकर सापडायची सूची) वाया; आज 00:00 पासून उद्या 00:00 च्या आत अशी रेंज द्या. इंडेक्स बाजार, पीक, वेळ याच क्रमानं. वेळ पुढे घेतली तर मागचे कॉलम शोधाला नीट कामी येत नाहीत.

तूर_डॉट_पीएचपी : झालं प्रवचन? हिंगणघाटचा कापसाचा भाव सगळ्यांना एकच दिसतो. क्वेरी कितीही झकास असो, हजारदा कशाला मारायची? भाव रेडिसमध्ये ठेवा, 60 सेकंदांचा टीटीएल (किती वेळानं आपोआप पुसायचं ती मुदत) लावून.

वऱ्हाडी_बॅकएंड : अन् 61व्या सेकंदाला सगळे एकदम डेटाबेसवर! लॉक कुठाय? रेडिसच्या सेट कमांडला एनएक्स (आधी नसेल तरच लिही) अन् ईएक्स (इतक्या सेकंदांनी पुसून टाक) लावा. ज्याला लॉक मिळालं त्यानंच क्वेरी मारावी, बाकीच्यांना तोवर वेगळा राखून ठेवलेला जुना भाव.

पराटी२४ : मॅक्स कनेक्शन्स, म्हणजे डेटाबेसला एका वेळी किती जण जोडू शकतात ती मर्यादा, 151 ची 1000 करा ना बाप्पा.

वऱ्हाडी_बॅकएंड : 2 जीबीच्या सर्व्हरवर? हरेक कनेक्शनचे सॉर्ट, जॉइनचे बफर (कामापुरती मेमरी) वेगळे. मेमरी संपली की लिनक्स बहुतेक वेळा आधी मायएसक्यूएललाच मारते.

कास्तकार_देवऑप्स : खरा चोर कोणी बोलतच नाही. खालचा "आजवरचे वाचक" काउंटर! दर पानाला एकाच ओळीवर अपडेट. त्यातही तो अपडेट पानाच्या ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र पक्क्या होणाऱ्या क्वेरींच्या गठ्ठ्यात) सुरुवातीलाच, म्हणजे कमिट होईस्तोवर, गठ्ठा पक्का होईस्तोवर, ओळ लॉक. मागं रांग, कनेक्शनं भरली, "टू मेनी कनेक्शन्स". वाचायलाच आलेल्या माणसाकडून लिहिणं कशाला?

तूर_डॉट_पीएचपी : काउंटर काढून दाखवा, संचालक बिल काढतात का पाहू.

कास्तकार_देवऑप्स : तेच तर! भावाची तारीख शिळी चालते, काउंटर मात्र फिरता पायजे.

पराटी२४ : मग काउंटर रेडिसमध्ये इन्करनं (आकडा एकानं वाढवणारी कमांड) वाढवा, दर 5 मिनिटांनी क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) डेटाबेसला एकच अपडेट.

तूर_डॉट_पीएचपी : म्हणजे रेडिस लागलंच की!

वऱ्हाडी_बॅकएंड : काउंटरपुरतं, घ्या. पण रेडिस अचानक बंद पडलं तर मधले आकडे जाऊ शकतात.

कास्तकार_देवऑप्स : जाऊ द्या. 5 मिनिटांचे वाचक हरवले म्हणून कोणाची तूर विकायची राहत नाही. भाव मात्र नोंद सेव्ह झाली की तिथंच एचटीएमएल फाइल करून ठेवा, एनजिनएक्स (वेब सर्व्हर) ती थेट देईल. दिवसातून मोजक्या वेळा बदलणाऱ्या पानाला ना रेडिस लागतं, ना तुमचा इंडेक्स.

वऱ्हाडी_बॅकएंड : मागच्या हंगामाचा तक्ता मागितला की इंडेक्स लागतो. तेवढं एक्सप्लेन पाहून घ्या.