तीन पोझ मिसळताना मनगट उलटं का फिरतं?

विश्रामबागकर: काल एकाने इथे लिहिलं, ‘क्वाटर्निअन हा नुसता बाऊ आहे. कोनांची सरासरी काढा, भागतंय.’ क्वाटर्निअन म्हणजे कुठलंही वळण चार आकड्यांत लिहायची रीत. त्याचं ते वाक्य रात्रभर डोक्यातून गेलं नाही. गणपतीत मंडळासाठी लेझीम खेळणाऱ्या पोराचं ॲनिमेशन करत होतो. चालणं, वाकणं, हात उंचावणं अशा तीन पोझ मिसळायच्या होत्या. एकीत मनगट १७० अंशांवर, दुसरीत उणे १७० वर. फरक जेमतेम २० अंशांचा, पण सरासरी शून्य! तळवा पार पाठीमागे. दोन रात्री त्यात गेल्या.

मिरजेचा रिगर: कालचा तो मीच. उणे १७० ला १९० लिहा, सरासरी १८० येते. पाचवीचं गणित आहे हे.

विश्रामबागकर: एका अक्षावर जमेल. खांद्याला तीन अक्ष आहेत. मधला ९० अंशांवर गेला की बाकीचे दोन एकावर एक बसतात, गिंबल लॉक. तिथे कुठला आकडा बदलणार?

मिरजेचा रिगर: मग स्लर्प लावा, दोन क्वाटर्निअनच्या मधली वळणं काढायची रीत. केन शूमेक नावाच्या संशोधकाने १९८५ लाच दिलंय. दोन मिसळा, त्यात तिसरी मिसळा.

विश्रामबागकर: इथंच गफलत होते. स्लर्प दोघांपुरता. तीन पोझ घेतल्या की आधी कुठल्या दोन, यावर उत्तर बदलतं, वजनं, म्हणजे प्रत्येक पोझचा वाटा, तीच ठेवली तरी. त्यापेक्षा प्रत्येक पोझच्या क्वाटर्निअनचे चारही आकडे तिच्या वजनाने गुणून बेरीज करा आणि लांबी (चौघांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ) पुन्हा एक करा. क्रमाचा प्रश्नच मिटतो. मात्र चारही चिन्हं उलटी केली तरी पोझ तीच राहते, म्हणून आधी पहिल्या पोझशी डॉट प्रॉडक्ट घ्या, म्हणजे आकडे जोडीजोडीने गुणून बेरीज करा. ऋण आलं तर चिन्हं फिरवा. वेग थोडा कमीजास्त होतो, तेवढं मान्य.

कराडची: हे असं पुण्यातल्या क्लासात कुणी सांगितलं असतं तर! वडिलांनी ऊस बिलाचे पैसे भरले. सहा महिने बटणं दाबायला शिकवली.

कृष्णाकाठ: ताई, म्हणूनच म्हणतो, गाव सोडायची गरजच काय? १६ ऑक्टोबर १८४३ ला डब्लिनच्या पुलावर हॅमिल्टन या गणितज्ञाला क्वाटर्निअनचं हे सूत्र सुचलं. त्याच साली ५ नोव्हेंबरला आपल्या सांगलीत विष्णुदास भाव्यांचं सीतास्वयंवर नाटक उभं राहिलं. वीस दिवसांचं अंतर!

कराडची: अभिमान मलाही आहे, दादा. पण भाव्यांच्या मागे संस्थानिक होते. माझ्या मागे कर्ज आहे. इथे काम कोण देणार?

कृष्णाकाठ: सगळेच निघून गेले तर काम येणार कुठून?

कराडची: जो राहिला त्याचं घर कसं चाललंय ते आधी विचारा, मग सांगा.

मिरजेचा रिगर: मनगटावर बोलायचं का? माझ्या दांडपट्ट्याचं काय? पट्टा दोन फेऱ्या मारतो. क्वाटर्निअनच्या दोन चाव्यांत (कीफ्रेममध्ये) त्या फेऱ्या उरतच नाहीत, पट्टा जागेवर थिजतो. वर कर्व्ह, म्हणजे आकड्यांचा आलेख, बघून काही कळत नाही. शिकवता म्हणून तुमचंच खरं का?

विश्रामबागकर: शिकवत नाही, रोज हेच काम करतो. पट्ट्याचं तुमचं बरोबर. पूर्ण फेऱ्या मोजायच्या तर कोनच हवा. खांदा आणि मनगट मात्र सोडणार नाही.

मिरजेचा रिगर: चिन्हं तपासली. सातव्या फ्रेमला डाव्या मनगटाचं उलटं होतं. फिरवलं, हात सरळ आला. पट्टा कोनांवरच ठेवतोय.