महेश्वरच्या किल्ल्यात हॉटेल: चालेल की खटकतं?

नर्मदाकाठचा
गेल्या महिन्यात महेश्वरला जाऊन आलो. इंदूरहून सुमारे ९० किलोमीटर. घाटाच्या पायऱ्या चढून राजवाड्यात गेलो. लाकडी खांब, छोटंसं अंगण, अहिल्याबाईंची गादी, पालखी. १७६७ ते १७९५ इथून राज्य चाललं, पण डामडौल शोधूनही सापडत नाही. मन भरून आलं. मग म्हटलं, बुरुजावरून नर्मदा बघावी, तर दार बंद. पलीकडे हॉटेल, प्रवेश फक्त पाहुण्यांना. ज्या बाईने खासगीतल्या पैशातून काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट आणि धर्मशाळा बांधल्या, तिच्याच किल्ल्यातला नदीकडचा सज्जा पैसेवाल्यांसाठी राखीव? मला खटकलं.

गढीवाला
खटकू द्या. माझं आजोळ खानदेशातलं. गावच्या गढीची पांढरी माती लोकांनी घरं लिंपायला नेली, मग ट्रॅक्टर लावून नेली. आता उरलाय एक बुरूज आणि त्यावर बाभळी. ती गढी सगळ्यांसाठी चोवीस तास उघडी होती हो! महेश्वरात होळकर घराण्यातल्या मंडळींनीच हॉटेल केलं, म्हणून त्या भागात छप्पर गळत नाही. याच घराण्याच्या पुढाकाराने १९७८ साली विणकरांसाठी रेहवा सोसायटी निघाली. माग बंद पडत चालले होते, ते पुन्हा वाजू लागले. माहेश्वरी साडीच्या काठावरची लहर, चटाई, वीट ही नक्षी आज दुकानात दिसते, त्यात या कामाचाही वाटा आहे.

नर्मदाकाठचा
साडीचं श्रेय मान्य, पण त्याने दाराचा प्रश्न सुटत नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्रातले किल्ले हॉटेलांना देणार अशी बातमी आली, तेव्हा आपणच केवढा गदारोळ केला. शेवटी सरकारला खुलासा करावा लागला. मग मध्य प्रदेशात गेल्यावर तेच ‘हेरिटेज स्टे’ म्हणून गोड कसं लागतं?

पेठेतली
जरा विषयांतर. हॉटेलवरून भांडताय, पण घाटाजवळची विठोजी होळकरांची (यशवंतरावांच्या भावाची) छत्री, म्हणजे स्मारक, कुणी नीट पाहिली का? १८०१ साली दुसऱ्या बाजीरावाने त्यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. मी पुण्याची. तिथे उभं राहून कोरीव हत्ती बघताना मान खाली गेली.

रेवामाईची लेक
किल्ला वरून बघायचाच कशाला? होडी करा, नदीतल्या बाणेश्वराच्या देवळापर्यंत जा आणि मागे वळा. पायऱ्या, मंदिरं, वर तट, सगळं एका नजरेत येतं. महेश्वर पाण्याकडे तोंड करून बांधलंय, बुरुजावरून निम्मं तर तुमच्या पायाखालीच राहतं. आणि सकाळी लवकर जा. मातीची इवली शिवलिंगं करून, पूजून नर्मदेत सोडतात. लिंगार्चनाचा हा नेम अजून चालू आहे आणि बघायला तिकीट नाही. दुपारी ओंकारेश्वर उरकून तासाभरासाठी येणाऱ्यांना बंद दारच दिसणार.

नर्मदाकाठचा
तो तासवाला मीच, ताई. होडीचं कबूल. तरी लिंगार्चनानंतर दोन तास तो सज्जा सगळ्यांना उघडायला काय हरकत आहे?

गढीवाला
काहीच नाही. फक्त ते प्री-वेडिंगवाले आवरायला तुम्ही उभे राहा.