शकुंतला रेल्वे : गरज संपली म्हणून बंद पडली की मालकीच्या घोळात?

दारव्हेकर :
यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा सुमारे १९० किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग, म्हणजे आपली शकुंतला, लोकांनीच पाठ फिरवल्यामुळे बंद पडला असे सांगितले जाते, ते मला मान्य नाही. किलिक निक्सन कंपनीने १९१० मध्ये स्थापलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने हा मार्ग वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मुख्य लोहमार्गावर, तेथून मुंबई बंदरात आणि पुढे मँचेस्टरला नेण्यासाठी बांधला. गाड्या आधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) आणि १९५१ नंतर मध्य रेल्वे चालवत होती. करारानुसार रूळ मात्र कंपनीच्याच मालकीचे राहिले. परक्याच्या मालमत्तेवर रेल्वे मोठा खर्च करीना आणि मालक कंपनीही करीना, त्यामुळे रूळ झिजत गेले.

अंजनगावचा वाचक :
करार सदोष होता, हे खरे. परंतु करार उत्तम असता तरी ताशी वीस किलोमीटरने जाणारी गाडी ट्रक आणि एसटीपुढे टिकली नसती. ज्या कापसासाठी मार्ग बांधला, तो कापूसच ट्रकने जिनिंगला जाऊ लागला, तेव्हा मार्गाचा आर्थिक पाया संपला. १९९४ मध्ये वाफेचे इंजिन जाऊन डिझेल आले, तरी वेग वाढला नाही.

कारंजेकर :
वेग वाढला नाही, कारण इंजिन बदलले आणि रूळ तेच ठेवले. दुर्लक्षाचा परिणाम दाखवून त्यालाच बंद करण्याचे कारण ठरवणे अन्यायाचे आहे. शिवाय या गाडीत कोण बसत होते, हेही पाहावे. एसटीचे भाडे ज्यांना जड जात होते ते शेतमजूर, आठवडी बाजाराला निघालेल्या बाया, शाळा-कॉलेजची मुले. त्यांच्या दृष्टीने वेळेपेक्षा तिकिटाचा पैसा मोठा होता.

अंजनगावचा वाचक :
त्यांच्याविषयी मलाही कळवळा आहे, आणि म्हणूनच जुनी गाडी आहे तशी परत मागणे मला चुकीचे वाटते. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा ब्रॉडगेज मार्ग होत आहे, त्यातील वर्धा–कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरूही झाला. ताकद अशा कामांमागे लावावी.

दारव्हेकर :
त्या मार्गाने यवतमाळ आणि आमचे दारव्हा जोडले जाईल, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण कारंजा, दर्यापूर, तुमचे स्वतःचे अंजनगाव आणि अचलपूर यांपैकी एकही गाव त्या मार्गावर नाही. अचलपूर-परतवाड्याची संत्री आणि अंजनगावची केळी आजही ट्रकनेच बाहेर जातात. शकुंतलेची जागा तयार आहे, स्थानके गावांना ठाऊक आहेत. मालकीचा प्रश्न सोडवून त्याच जागेवर ब्रॉडगेज टाकावा, एवढीच माझी मागणी आहे.

अंजनगावचा वाचक :
ब्रॉडगेज म्हणत असाल तर आपला वाद बराच कमी झाला. तरीही दोन्ही फाटे एकदम मागू नयेत. मूर्तिजापूर–अचलपूर हा सुमारे ७७ किलोमीटरचा तुकडा आधी घ्यावा, कारण यवतमाळला दुसरा मार्ग मिळतो आहे आणि अचलपूरला मिळत नाही.

कारंजेकर :
आणि कारंज्याने पुन्हा थांबायचे? यवतमाळचा फाटा मागे ठेवला, तर मूर्तिजापूर ते दारव्हा हा मधला पट्टा दोन्हीकडून सुटतो. याला माझा विरोध राहील.