जुन्या नकाशांवर आपली मिश्र वस्ती एकाच रंगात का दिसते?

प्रश्न : शिक्षक, केळापूर तालुका (यवतमाळ)

नमस्कार. नववीच्या वर्गात स्थानिक इतिहास शिकवताना मी ‘इम्पीरियल गॅझेटिअर ऑफ इंडिया’च्या १९०९ च्या ॲटलासमधील प्रमुख धर्मांचा नकाशा दाखवला. आमच्या तालुक्यात कोलाम आदिवासींचे पोड (लहान वस्त्या) आहेत, गोंडांची गावे आहेत, पांढरकवड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मुस्लिम कुटुंबे आहेत. नकाशात मात्र वऱ्हाडचा जवळजवळ सगळा सपाट मुलूख हिंदूंच्या रंगात आहे. आपली माणसे तेव्हा इथे नव्हती का, असे मुलांनी विचारले. त्यांना काय सांगावे, आणि असा नकाशा वर्गात वापरावा का?

उत्तर १ : निवृत्त प्राध्यापक, अमरावती जिल्हा

सर, माणसे होतीच. त्या नकाशाने प्रत्येक भागातील सर्वांत मोठ्या गटालाच रंग दिला आहे, त्यामुळे शंभरांपैकी साठ जण एका धर्माचे असले की उरलेले चाळीस दिसेनासे होतात.

मला त्याहून गंभीर वाटते ती रकान्यांची गोष्ट. १९०१ आणि १९११ च्या जनगणनेत आदिवासींच्या श्रद्धांसाठी ‘ॲनिमिस्ट’ असा वेगळा रकाना होता. पण बडादेव या गोंडांच्या देवाला पुजणारे आणि महादेवाच्या यात्रेलाही जाणारे गोंड कुटुंब हिंदूंत धरायचे की त्या रकान्यात, हे बरेचसे प्रगणकाच्या समजुतीवर ठरत असे. त्यामुळे कोणी गाव सोडले नाही, देव बदलला नाही, तरी एका जनगणनेतून दुसऱ्या जनगणनेत आकडे सरकत राहिले. याउलट १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मदीक्षेनंतर लोकांनी स्वतःच आपली नोंद बदलली: १९५१ मध्ये आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात काही हजार असलेले बौद्ध १९६१ मध्ये २७ लाखांहून अधिक झाले. नोंद दुसऱ्याने केली की आपण करवून घेतली, हा फरक मुलांना जरूर दाखवावा.

उत्तर २ : इतिहासाची अभ्यासक, वर्धा जिल्हा

सरांच्या म्हणण्याला एक पुरवणी जोडते. पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीच्या सीमा ठरत असताना पाल तेलेकी या भूगोलतज्ज्ञाने १९१० च्या जनगणनेवरून एक वांशिक नकाशा तयार केला. त्यात रंगाचे क्षेत्रफळ लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवले होते आणि विरळ वस्तीचे डोंगर पांढरे सोडले होते. ही पद्धत शास्त्रीय होती, परंतु हंगेरियनांसाठी भडक लाल रंग निवडल्यामुळे दाट वस्तीची हंगेरियन शहरे चटकन नजरेत भरत आणि डोंगराळ भागांत पसरलेले रोमेनियन फिके पडत. आकडे खरे असूनही नकाशा एका बाजूने बोलू शकतो, म्हणून तो कोणी, कशासाठी आणि कोणासमोर मांडण्यासाठी काढला, हे आधी विचारावे. १९२० च्या त्रियानाँ तहात हंगेरीने आपला बहुतांश प्रदेश गमावला. त्या नकाशाने ते टळले नाही.

उत्तर ३ : जळगाव जामोद तालुका (बुलढाणा)

गुरुजी, भाषांच्या बाबतीतही हेच घडले आहे. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला निहाली बोलणारे थोडे लोक आहेत. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०६ च्या चौथ्या खंडात निहालीचा विचार मुंडा कुळातील कोरकू भाषेबरोबर केला गेला. आज बहुतेक भाषाशास्त्रज्ञ तिला कोणत्याही भाषाकुळात न बसणारी स्वतंत्र भाषा मानतात. जुन्या वर्गीकरणावरून काढलेल्या नकाशात तिला स्वतःचा रंग मिळणे शक्यच नव्हते.

नकाशा वर्गात जरूर वापरा, पण शेजारी त्याच काळातील जनगणनेचा तक्ता ठेवा. मुलांकडून नवा नकाशा करून घ्यायचा असेल, तर २०११ च्या जनगणनेत धर्माचे आकडे तालुका आणि शहरापर्यंतच मिळतात, गावनिहाय मिळतात ते अनुसूचित जाती-जमातींचे, हे ध्यानात ठेवावे. ती उणीव भरून काढण्यासाठी मुलांना घरोघरी धर्म किंवा जात विचारायला मात्र पाठवू नये. लहान पोडावर एक ठिपका म्हणजे एक ओळखीचे घर असते. त्याऐवजी देवस्थाने, दर्गे, विहारे, बाजार आणि बोलल्या जाणाऱ्या भाषा त्यांनी नकाशावर मांडाव्यात.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा आभारी आहे. १९०९ चा नकाशा आणि १९११ चा तक्ता शेजारी लावतो, आणि मुलांना पहिला प्रश्न रकाने कोणी ठरवले हाच विचारतो.