गर्न्सीचं अर्धं तिकीट: पारख कशी करायची
इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटाचं हे अर्धं टपाल तिकीट फाटलेलं नाही, मुद्दाम कापलेलं आहे. जर्मन ताब्यामुळे ब्रिटनचा पुरवठा तुटला, १ पेनीची तिकिटं संपत आली, म्हणून २७ डिसेंबर १९४० पासून २ पेनीचं तिकीट तिरकं कापून अर्ध्या किमतीला चालवलं. टपालाचा शिक्का कापलेल्या कडेवरून पाकिटावर उतरलेला हवा. नुसता तिकिटावरच असेल तर संशय घ्या. पाकिटावरून सोडवू नका, सुट्या अर्ध्याला कोण विचारतो!

फेब्रुवारी १९४१ मध्ये स्थानिक छपाईचं लाल १ पेनीचं तिकीट आलं. त्याला सुटं करायची छिद्रं नाहीत, कडेला नुसत्या चिरा आहेत. कडेचे दाते छाटलेत असं समजून लोक उगाच भाव पाडतात. कागद निळसर आणि जलचिन्ह (कागद उजेडात धरल्यावर दिसणारी खूण) वेटोळ्यांचं असेल तर ती १९४२ ची, फ्रेंच नोटांच्या कागदावरची छपाई.